कोळ्याचे नाव

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपल्या राज्यातील जंगलांचे जिल्हे. येथे अनेक भाषा बोलल्या जातात. मराठी माणूस ज्याला कोळी म्हणतो, त्याला उर्दू बोलणारा मकडी म्हणतो आणि सिरोंचाकडचा तेलुगू भाषिक साले पुरुगु म्हणतो. मराठीत तर मासे पकडणाऱ्यालाही कोळीच म्हणतात! घरात ही नावे पुरतात. पण जगभरच्या अभ्यासकांना सारखे कळेल असे एक नाव हवे. म्हणून शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा.

काही लोक म्हणतात, "कोळ्यांना नावे देऊन काय मिळणार?" हे म्हणणे मला पटत नाही.

१८९९ साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने एका केसाळ, निळ्या कोळ्याला 'पेसिलोथेरिया मेटॅलिका' हे नाव दिले. तो आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या साठ्यात सापडला होता. बहुधा तो लाकडांबरोबर दूरच्या जंगलातून आला असावा. नाव मिळाले, पण खरे घर कळले नाही. पुढे शंभर वर्षे तो शास्त्रज्ञांना दिसलाच नाही. २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात पुन्हा सापडला. घरच माहीत नसेल, तर त्या जिवाचे रक्षण कोण करणार?

पेसिलोथेरिया कोळी सुंदर असतात. परदेशात लोक ते हौसेने पाळतात, म्हणून त्यांची खरेदी-विक्री होते. २०१९ साली आंतरराष्ट्रीय कराराने या संपूर्ण प्रजातीच्या व्यापारावर नियंत्रण आणले. म्हणजे कोळी कोणत्या प्रजातीत मोडतो, यावर त्याचे संरक्षण अवलंबून असते.

२०१४ साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी मुंबईच्या आरे वसाहतीतील एका नव्या कोळ्याला 'हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस' हे नाव दिले. या नावातच त्याचे घर आहे. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात नवी जात मिळते, तर ताडोबा आणि भामरागडच्या रानात शोधण्यासारखे किती असेल!

हे काम केवळ शास्त्रज्ञांचे नाही. जंगलाजवळ राहणाऱ्यांची नजर त्यांना हवीच. मोठा कोळी दिसला की चप्पल उचलू नका. त्याला हातही लावू नका. दुरूनच पाहा. तारीख, गाव, झाड किंवा बीळ वहीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा. नाव शास्त्रज्ञ देतील. पत्ता आपण देऊ शकतो.