सूचना नेमक्या कोणत्या संगणकासाठी?

शिर्डीला यायच्या वाटा अनेक आहेत. रेल्वेने येणारा साईनगर शिर्डी स्थानकावर उतरतो, नाहीतर मनमाड किंवा कोपरगावला उतरून पुढे रस्ता धरतो. २०१७ मध्ये काकडीचा विमानतळ सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. पोहोचण्याची माहिती त्यामुळे ज्याला त्याला वेगळी लागते; दर्शनरांगेची माहिती मात्र सगळ्यांना एकच पुरते. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांनी एवढा भेद पाळला, तरी नवशिक्यांचे कितीतरी तास वाचतील.

या परिसरातली मुले अभियांत्रिकी शिकायला लोणी, कोपरगाव, संगमनेरला जातात. एखाद्याकडे घरचा लॅपटॉप विंडोजचा आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू लिनक्स, असे सहज घडते. पायथॉन शिकताना प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार करायला सांगतात. ते सुरू करणारी फाइल लिनक्सवर 'बिन' नावाच्या फोल्डरमध्ये असते, तर विंडोजवर 'स्क्रिप्ट्स' नावाच्या. सूचना लिहिणारा स्वतः लिनक्सवर काम करणारा असला, की तो 'सोर्स'ने सुरू होणारी ओळ देतो आणि ती कोणासाठी आहे हे सांगायचे राहून जाते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ती टाकली की अशी कमांडच नाही, असे उत्तर येते. धडपडून योग्य ओळ सापडली तरी पॉवरशेल अडवू शकते, कारण तिथे स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी आधी द्यावी लागते. पोराची समजूत होते की प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणारे नाही. चूक असते ती अर्धवट सूचनेची.

पायथॉनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हीच गोष्ट एका छोट्या तक्त्यात मांडलेली आहे: कोणती प्रणाली, कोणते शेल, कोणती कमांड. पॉवरशेलच्या परवानगीची टीपही जवळच आहे. एकूण मांडणीही अभ्यासावी अशी आहे. इन्स्टॉल करण्यासाठी युनिक्स, विंडोज आणि मॅक यांची प्रकरणे वेगवेगळी. भाषा शिकवणारे ट्युटोरियल सगळ्यांना एकच. विंडोजची रजिस्ट्री हाताळणारे मॉड्यूल फक्त विंडोजच्या कामाचे, म्हणून ते विंडोजच्या प्रकरणात. युनिक्सवरच्या वापरकर्त्यांच्या नोंदी वाचणारे मॉड्यूल युनिक्सच्या प्रकरणात. आणि एखादे फंक्शन काही प्रणालींवरच चालत असेल, तर त्याच्याच खाली ते कुठे उपलब्ध आहे याची ओळ. ही शेवटची सोय सर्वांत मोलाची आहे, कारण फरक इन्स्टॉलेशनपाशी संपत नाहीत.

एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणारे 'मल्टिप्रोसेसिंग' मॉड्यूल घ्या. लिनक्सवर नवी प्रोसेस बरीच वर्षे 'फोर्क' पद्धतीने, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून सुरू होत असे. विंडोजवर फोर्क नाहीच. तिथे नवी प्रोसेस कोऱ्या पाटीने सुरू होते आणि मुख्य फाइल पुन्हा वाचते. म्हणून मुख्य भाग एका ठरावीक 'इफ'च्या आत ठेवला नसेल, तर लॅबच्या उबंटूवर नीट चाललेला प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर कोसळतो. मॅकने पायथॉनच्या २०१९ मधल्या ३.८ आवृत्तीपासून विंडोजची वाट धरली. २०२५ च्या ३.१४ आवृत्तीत लिनक्सचीही मूळ पद्धत बदलली. त्या 'इफ'चा इशारा विंडोजच्या वेगळ्या प्रकरणात ठेवून काय उपयोग? तिथे मुलगा इन्स्टॉल करण्यापुरता एकदा गेलेला असतो. इशारा मॉड्यूलच्या पानावरच हवा, आणि तिथे तो आहे.

याच्या उलट सवय म्हणजे प्रत्येक प्रणालीसाठी अख्खी माहितीपुस्तिका वेगळी करणे. वाचणाऱ्याला सुरुवातीला ते सोयीचे वाटते, पण सांभाळणाऱ्यांचे हाल होतात. एका प्रतीत दुरुस्ती होते, दुसरी तशीच राहते, आणि वर्षभराने खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. कमांडची थोडक्यात ओळख करून देणाऱ्या 'टीएलडीआर पेजेस' या प्रकल्पाने यावर साधा नियम केला आहे. लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड यांचे फोल्डर वेगळे आहेत, पण एकाहून अधिक प्रणालींवर सारखी चालणारी कमांड 'कॉमन' फोल्डरमध्ये जाते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कामाला असाच नियम झेपतो.

महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईचे आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यावर सॉफ्टवेअर, आणि थांबवत थांबवत तसेच करून पाहायचे, ही त्यांची रीत. पाठाच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की त्याने कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे. लिबर ऑफिस इन्स्टॉल करायचे पाठ विंडोज आणि लिनक्ससाठी वेगळे आहेत. रायटर, कॅल्क शिकवणारे पाठ सामाईक. सॉफ्टवेअर पुढे जाते तसा व्हिडिओ मागे पडतो, ही अडचण खरी. पण आवृत्ती आधीच सांगितलेली असल्याने आपला स्क्रीन वेगळा का दिसतो, हे शिकणाऱ्याला लगेच उमगते.

यात लोणी-कोपरगावच्या कॉलेजांना करण्यासारखे बरेच आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एखाद्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना द्याव्यात आणि लॅबमधल्या एका कोऱ्या विंडोज मशीनवर व एका कोऱ्या उबंटू मशीनवर त्या ओळीबरहुकूम करायला लावाव्यात. जिथे गाडी अडेल ती ओळ, आलेला एरर आणि सुचवलेली दुरुस्ती लिहून मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. प्रात्यक्षिकाचे गुण यालाही द्यावेत; जर्नलमध्ये जुने प्रोग्रॅम उतरवण्यापेक्षा हे काम अधिक शिकवते. सुरुवात आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील 'ई-सिम'पासून करता येईल. इलेक्ट्रॉनिक सर्किटची रचना आणि चाचणी करणारे हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांच्या अभ्यासातलेच आहे, आणि उबंटू व विंडोज या दोन्हींसाठी त्याच्या इन्स्टॉलेशनची पद्धत वेगवेगळी आहे.