विश्लेषण : फार्महाऊसवरील तरणतलावाचा हीट पंप पडघ्यात परवडतो का? बिल कशामुळे वाढते, यंत्र कशामुळे बिघडते?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि भिवंडी तालुक्यातील पडघा परिसर मुंबई-ठाण्याबरोबरच नाशिककरांच्याही टप्प्यात आला. मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा आहेतच; आता आतल्या गावांत शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणारे बंगले आणि फार्महाऊसही दिसतात. त्यांच्या जाहिरातींत स्विमिंग पूल ठरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पाणी गरम आहे का?’ त्यासाठी बसवल्या जाणाऱ्या हीट पंपाचे तंत्र, खर्च आणि देखभालीचा हा आढावा.

हीट पंप म्हणजे नेमके काय?

हीट पंप म्हणजे उलट्या कामाला लावलेला एसी. एसी खोलीतील उष्णता बाहेर फेकतो, तर हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता गोळा करून पाण्यात सोडतो. पंखा हवा ओढतो, कॉइलमधील गॅस त्या हवेतून उष्णता घेतो, कॉम्प्रेसर गॅस दाबून त्याचे तापमान आणखी वाढवतो आणि ही उष्णता टायटॅनियमच्या नळीतून पाण्याला मिळते. विजेचे काम उष्णता तयार करण्याचे नसून ती वाहून नेण्याचे असते. त्यामुळे १ युनिट वीज खर्चून ४ ते ५ युनिट उष्णता मिळू शकते. हवा जितकी उबदार आणि दमट, तितके हे प्रमाण चांगले. कोकणपट्टीचे हवामान म्हणूनच या यंत्राला मानवते.

खर्चाचे गणित कसे?

उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव घेतला, तर त्यात ४० हजार लिटर पाणी मावते. हे पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४६.५ युनिट उष्णता लागते. २३ अंशांवरून २८ अंशांवर न्यायचे तर सुमारे २३३ युनिट. साध्या विजेच्या हीटरने हे काम केले आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तर एका वेळचा खर्च २,३०० रुपयांच्या पुढे जातो. पाचपट उष्णता देणारा हीट पंप तेच काम सुमारे ४७ युनिटांत, म्हणजे ४७० रुपयांत करतो. कागदावरची ही बचत खरी आहे. पण या हिशेबात पाण्यातून सतत निघून जाणारी उष्णता धरलेली नाही आणि बिलाचा घोळ तिथेच होतो.

मग बिल का फुगते?

तलावाची सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनातून जाते. हिवाळ्यात पडघा परिसरात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. कोमट पाण्यावरून गार, कोरडी हवा वाहिली की पाणी उडते आणि आपल्याबरोबर उष्णता नेते. वरील तलावाची पातळी एका रात्रीत केवळ ३ मिलिमीटरने खाली गेली, तरी ९६ लिटर पाणी उडालेले असते आणि त्यासोबत सुमारे ६५ युनिट उष्णता गेलेली असते. म्हणजे तापमानात १.४ अंशांची घट.

आता १२ किलोवॉट उष्णता देणारे यंत्र रोज सकाळी ९ ते सायंकाळी ५ असे आठ तास चालवले, तर पाणी दिवसाला साधारण २ अंशांनी तापते. गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांत ६ अंश मिळायला हवेत. पण मधल्या दोन रात्रींत जवळपास ३ अंश उडून गेले, तर पाहुण्यांच्या हाती निम्मेच उरतात. मग मालक यंत्र रात्रभर चालवतो, तेही हवा सर्वांत गार आणि यंत्राची कार्यक्षमता सर्वांत कमी असताना. यावरचा उपाय साधा आहे. सूर्य कलला की तलावावर कव्हर ओढायचे. आधी मोठे यंत्र घेऊन नंतर कव्हरचा विचार करणे म्हणजे भोक असलेल्या बादलीत नळ मोठा सोडण्यासारखे आहे.

यंत्र कधी चालवावे?

दुपारी हवा ३० अंशांपर्यंत जाते. तेव्हा तेच यंत्र कमी विजेत जास्त उष्णता देते. शिवाय टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे धोरण राज्यात २०२५ पासून आहे. म्हणजे स्वस्त वीज आणि उबदार हवा एकाच वेळी मिळते. पाहुणे शनिवारी येणार असतील, तर शनिवारी सकाळी बटण दाबून उपयोग नाही. सुरुवात गुरुवारीच करावी लागते. तापमान २७ ते २८ अंश पुरेसे असते. ‘पाणी लवकर तापावे’ म्हणून स्क्रीनवर ३५ अंश लावल्याने यंत्राचा वेग वाढत नाही, ते फक्त जास्त वेळ चालते.

शेतीपंपाच्या जोडणीवर हीट पंप चालतो का?

तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण कायद्याने नाही. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली त्याऐवजी दुसऱ्याच कामासाठी वीज वापरणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्या वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. बंगला भाड्याने दिला जात असेल, तर घरगुतीऐवजी व्यावसायिक दर लागू होऊ शकतो. त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी जोडणीची वर्गवारी आणि मंजूर भार तपासून घेणे शहाणपणाचे.

पडघ्यात मोठे उपकेंद्र असताना विजेची चिंता कशाला?

पडघा हे राज्याच्या वीजवहनातील मोठे नाव आहे. चंद्रपूरहून येणारी उच्चदाब एकदिश वाहिनी इथेच संपते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचा उल्लेख राज्यभर झाला होता. मात्र उपकेंद्र शेजारी असले, तरी गावातील घराला वीज मिळते ती स्थानिक वितरण वाहिनीतून. तिथे फांदी पडली, फेज गेला किंवा दाब कमी झाला, तर झळ कॉम्प्रेसरलाच बसते. थ्री फेज यंत्राला फेज गेल्यास ते बंद करणारा प्रिव्हेंटर आणि वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून सुरू होणारा टायमर हवाच. नवा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी असतो.

नेहमीचे बिघाड कोणते?

‘पाणी तापत नाही’ ही तक्रार आली की बहुतेक वेळा गॅसवर संशय घेतला जातो. प्रत्यक्षात आधी फिल्टर पाहायला हवा. फिल्टर तुंबला की पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि फ्लो स्विच यंत्र बंद करतो. प्रेशर गेज स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा अर्धा बार वर गेले की बॅकवॉश करावा. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान राखावा. बोअरवेलचे पाणी जड असल्यास नळीत क्षार साचतात आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. क्लोरीन सोडण्याची जागा हीट पंपाच्या पुढे असावी. मागे असल्यास तीव्र क्लोरीन थेट यंत्रात जाते.

यंत्राखाली पाणी दिसले की गळतीची भीती वाटते. बऱ्याचदा ते हवेतील बाष्पाचे पाणी असते. क्लोरीन तपासण्याच्या पट्टीने खात्री करता येते. पट्टीचा रंग बदलला तर पाणी तलावाचे, न बदलल्यास हवेतले. यंत्र बंद खोलीत किंवा भिंतीला चिकटून बसवले, तर त्याने फेकलेली गार हवा पुन्हा आत ओढली जाते आणि कार्यक्षमता घसरते. गावाकडे आणखी एक त्रास म्हणजे कंट्रोल बॉक्समध्ये शिरणाऱ्या पाली आणि मुंग्या. केबलची छिद्रे नीट बुजवली, तर हा बिघाड टळतो.

माहितीपुस्तिकेतील वेळापत्रक इथे लागू होते का?

अनेक माहितीपुस्तिका थंड देशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. तिथे उन्हाळ्यात पोहायचे आणि हिवाळ्यात पाणी गोठून नळी फुटू नये म्हणून यंत्र रिकामे करून झाकायचे. पडघ्यात नेमके उलटे आहे. इथे पाणी गोठत नाही, हिवाळा हाच कामाचा हंगाम आणि मार्चपासून यंत्राला सुट्टी. इथली मोठी देखभाल नोव्हेंबरमध्ये करावी. कॉइलवरील धूळ हलक्या हाताने धुवावी, कारण जोराच्या फवाऱ्याने तिची पाती वाकतात. पावसाळ्यापूर्वी वीज तोडून नळीतील साचलेले पाणी काढावे. यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत ओल साचून गंज चढतो.

जुने यंत्र स्वस्तात घ्यावे का?

आत कोणता गॅस आहे, हे आधी पाहावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा ओझोनला मारक गॅस भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. हवामानाला घातक असलेल्या पुढच्या पिढीतील गॅसवरही मर्यादा येत आहेत. भारताने २०२१ मध्ये स्वीकारलेल्या किगाली करारानुसार २०२८ मध्ये त्यांचा वापर गोठवून २०३२ पासून कपात सुरू होईल. आर-४१०ए चा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट, तर आर-३२ चा ६७५ पट आहे. आर-३२ तुलनेने बरा, पण किंचित ज्वलनशील. त्याची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच व्हायला हवी.

सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

मालक शहरात राहतो, पाहुणे दोन दिवसांत निघून जातात. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून यंत्र हाताळतो तो गावातला केअरटेकर. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही त्याच्या जिवाची पहिली हमी आहे. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि तो वारंवार पडत असेल तर बायपास न करता दोष शोधावा. साफसफाईपूर्वी स्क्रीनवरून यंत्र थांबवणे पुरेसे नसते, मुख्य स्विच बंद करावा लागतो. या सूचना इंग्रजी पुस्तिकेत असतात आणि पुस्तिका मालकाच्या कपाटात. चार ओळींचा मराठी फलक यंत्राजवळ लावला आणि बिघाड झाल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्यावर लिहिला, तर विजेच्या बिलाबरोबरच एखादा अपघातही टळू शकेल.