वर्षअखेरीची वही आणि किनाऱ्यावरचा व्यावसायिक

शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. रायगडच्या किनाऱ्यावरील लहान व्यावसायिकाचे वर्ष मात्र निराळेच असते. वहीपूजन दिवाळीत, पर्यटकांची वर्दळ एप्रिल-मेमध्ये आणि १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी. साहजिकच हिशेबाचे काम ‘पावसाळ्यात पाहू’ म्हणून मागे पडते आणि अखेरीस अर्धवट बिले घेऊन करसल्लागाराचा उंबरठा झिजवावा लागतो.

या दिरंगाईची किंमत केवळ विलंबशुल्कापुरती नसते. आयकर विवरणपत्रास उशीर झाल्यास ५,००० रुपयांपर्यंत शुल्क पडते, हे अनेकांस ठाऊक असते. धंद्यातील तोटा पुढील ८ वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याची सवलतही त्याबरोबर हातची जाते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ आठवावे. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे पर्यटन तर आधीच थांबले होते. त्या वर्षीचा तोटा डोळ्यांना दिसत होता. कायद्याला तो दिसण्यासाठी नीट ठेवलेली वही आणि मुदतीत भरलेले विवरणपत्र लागते. उलाढालीच्या ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरणारी योजना सोयीची खरी. परंतु तीत तोटा दाखविता येत नाही.

पेणच्या मूर्तिकाराची अडचण वेगळी आहे. भाद्रपदात विकायच्या मूर्ती मार्चअखेरीस कारखान्यात रंगाविना उभ्या असतात. या शिल्लक मालाची मोजदाद झाली नाही, तर माती-मजुरीचा खर्च एका वर्षात आणि विक्री दुसऱ्या वर्षात पडते. मग दोन्ही वर्षांचे हिशेब खोटे ठरतात.

अर्थात, सारा दोष व्यावसायिकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. मोठ्या पेढीला हिशेबनीस असतो. घरगुती खाणावळीत मात्र स्वयंपाक आणि जमाखर्च एकाच हाती असतो. जिल्ह्यातील वाणिज्य महाविद्यालयांनी फेब्रुवारीत विद्यार्थ्यांकरवी गावोगाव हिशेब-शिबिरे घेतली, तर मुलांना अनुभव मिळेल आणि गावाला आधार. व्यावसायिकानेही आठवड्यातून अर्धा तास वहीला द्यावा.

वादळाची सूचना आल्यावर होडी शाकारायला कोणी निघत नाही. ते काम आधीच उरकलेले असते. वहीच्या बाबतीतही हाच शहाणपणा अंगी बाणला पाहिजे.