गुलामी म्हणे अमेरिकेत होती!

दोस्तांनो, भडकल दरवाज्याखालून रोज जाता. तो मलिक अंबरनं बांधला. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला हबशी. १६१० साली खडकी वसवली ती त्यानंच, म्हणजे आपलं हे शहर. शहराच्या नावावरून एवढी भांडणं झाली, त्यात या गुलामाचं नाव कितीजणांच्या तोंडी आलं?

बी. ए.ला एका सरांनी गुलामी शिकवली. लिंकन, कापसाचे मळे, १८६५. मी विचारलं, सर, आपल्याकडची? म्हणाले, आपल्याकडं गुलामी नव्हतीच. वर्ग हसला.

नव्हती? मग १८४३ चा कायदा कंपनी सरकारनं कशासाठी केला? पेशवाईत कुणबिणी विकल्या कुणी? जोतीरावांनी १८७३ ला पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव काय गंमत म्हणून दिलं?

खुर्चीवाले गप्प राहिले तेव्हा काम केलं धुळ्याच्या कॉ. शरद पाटलांनी. प्राध्यापकी नाही, पगार नाही. चाळिशी ओलांडून बडोद्याला पाणिनी शिकले, १९७८ ला जातीच्या प्रश्नावर पक्ष सोडला, १९८२ ला 'दास-शूद्रांची गुलामगिरी' काढलं. त्यांचं सगळं मला पटत नाही. गुलाम मेला तर मालकाचा पैसा बुडायचा, अस्पृश्य मेला तर कुणाचं काहीच बुडत नव्हतं, हा बाबासाहेबांनी दाखवलेला फरक मी सोडणार नाही. पण भांडायला तरी पुस्तक दिलं त्यांनी!

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव १९९४ ला लागलं, त्यासाठी माणसं मेली. आता आत जाऊन हा विषय मागा. आणि मोडी शिका. कुणबिणींचे कागद मोडीत पडलेत. ते वाचणारा आपल्यातला एकही मला अजून भेटला नाही.