यंत्रांच्या सहवासांत : गेलेलें तेल परत आलें पाहिजे

खेळाच्या मोटारीविषयीं या सदरांत लिहावयास घेतलें, तर घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. जींत दोनच माणसें बसतात, जींत ना आजीबाईंची सोय ना नातवंडांची, अशा मोटारीचें कुटुंबाच्या मासिकांत काय काम, असें कोणीहि विचारील. परंतु ज्या घरांतील एक तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं नाहीं, असें घर आपल्या वाचकवर्गांत आज क्वचितच सांपडेल. तिकडे गेलेला मुलगा सुटीच्या दिवशीं मोटारीखालीं उताणा पडून काय करीत असतो, हें इकडे त्याच्या आईबापांस कळलेलें बरें. शिवाय या खटाटोपांत आमच्या हातून एक चूक झाली; ती सांगून टाकल्यावांचून आम्हांस चैन पडणार नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत डेन्व्हर येथें आमच्या भाच्याकडे दोन महिने राहिलों. भाच्याची आई, म्हणजे आमची अक्का, आमच्या आधींपासूनच तेथें होती. भाच्यानें २००२ सालची एक जुनी शेव्हरोले कॉर्व्हेट मोटार हौसेनें घेतली आहे. तिचें एंजिन आठ सिलिंडरांचें, ५.७ लिटरांचें, आणि कारखान्याच्या हिशेबानें ३५० अश्वशक्तीचें. पण हा हिशेब समुद्रसपाटीचा. डेन्व्हर शहर ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर वसलेलें आहे. तेथील हवा विरळ. त्यामुळें साध्या एंजिनाची सुमारें सहावा हिस्सा शक्ति तेथें आपोआप कमी होते. ही तूट भरून निघून वर चार पैसे शिल्लक पडावे, या हेतूनें त्यानें मोटारीच्या मागील बाजूस टर्बोचार्जर बसविण्याचें मनांत आणिलें, आणि आम्ही त्याचे मदतनीस झालों.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारें पंधरा किलो हवा लागते. अर्थात् एंजिनाची शक्ति वाढवावयाची तर त्याच्या पोटांत हवा अधिक कोंबली पाहिजे. हें कोंबण्याचें काम करावयाचें कोणीं? एंजिनांतून बाहेर पडणारा जळका वायु तप्त व वेगवान् असतो. पेट्रोलांतील उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा घेऊन तो फुकट निघून जातो. त्याच्या वाटेंत पात्यांचें एक लहानसें चाक ठेवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक बसवावें, आणि त्या दुसऱ्या चाकानें ताजी हवा दाबून एंजिनाकडे पाठवावी, एवढीच ही युक्ति. स्वित्झर्लंडचे एंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या अमेरिकन एंजिनिअरांनीं याच कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर लिबर्टी नांवाचें विमानाचें एंजिन नेऊन तपासलें. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणाऱ्या त्या एंजिनानें टर्बोचार्जरच्या साहाय्यानें त्या विरळ हवेंतहि ३५६ अश्वशक्ति दिली. ही हकीकत भाच्यास तोंडपाठ होती. आणि आपली मोटार त्याच शिखरावर न्यावयाची, तीहि आईला शेजारीं बसवून, हें त्यानें आधींच ठरवून ठेविलें होतें.

बहुधा टर्बोचार्जर एंजिनाला लागूनच बसवितात, कारण वायु जितका तप्त तितका त्याचा जोर अधिक. पण कॉर्व्हेटच्या बॉनेटखालीं बोट शिरावयास जागा नाहीं. उलट मागील आंसाच्या पलीकडे जेथें सायलेन्सर असतात, तेथील सायलेन्सर काढून टाकल्यास पुरेशी जागा होते. तेथें टर्बोचार्जर बसविल्यास बॉनेटखालची उष्णता वाढत नाहीं, आणि दाबून तापलेली हवा लांब नळींतून मोटारीच्या पोटाखालून पुढें येतांना वाटेंत बरीच निवते. तोटेहि आहेतच. जळका वायु मागें पोंचेपर्यंत निवतो व आकसतो. म्हणून टर्बोचार्जरचें त्या बाजूचें घर आकारानें लहान घ्यावें लागतें, नाहीं तर पायानें दाबल्यापासून जोर येईपर्यंत फार वेळ जातो. हवेची गाळणी जमिनीजवळ येते, तिला पावसाच्या पाण्यापासून आडोसा द्यावा लागतो. पेट्रोलाच्या टाक्या व नळ्या यांच्याजवळून जाणाऱ्या तप्त नळ्यांस उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळून मध्यें पत्र्याचा पडदा ठेवावा लागतो.

हवा वाढली कीं पेट्रोलहि त्या मानानें वाढविलें पाहिजे. नाहीं तर मिश्रण वेळेआधींच भडकून दट्ट्यांवर हातोड्यासारखे घाव बसतात. या एंजिनांत मिश्रण मुळांतच १०.१ पट दाबलें जातें. म्हणून भाच्यानें हवेचा जादा दाब दर चौरस इंचास सहा पौंडांच्या आंत ठेविला, पेट्रोलाचे इंजेक्टर व पंप मोठे घातले, आणि ठिणगीची वेळ जाणत्या माणसाकडून नव्यानें बांधून घेतली. या बाबतींत त्यानें कसूर केली नाहीं.

खरी अडचण तेलाची. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. हे फेरे तो धातूवर घेत नसून तेलाच्या पातळ थरावर घेत असतो, आणि हें तेल त्याला एंजिनाकडून मिळतें. पुढें बसविलेल्या टर्बोचार्जरमधून तें तेल आपल्याच वजनानें एंजिनाच्या तेलपात्रांत गळून येतें. मागें बसविलेला टर्बोचार्जर मात्र तेलपात्राच्या पातळीला किंवा तिच्याहि खालीं असतो. तेल तेथें एंजिनाच्या दाबानें जातें खरें, पण परत येण्यास त्याला उतार नाहीं. म्हणून विजेवर चालणारा एक लहान पंप बसवून तें ओढून आणावें लागतें. ही परतीची वाट बांधण्याचें काम भाच्यानें आम्हांवर सोपविलें.

जोडणीस दोन आठवडे लागले. पहिल्याच फेरींत मोटार अशी उसळली कीं भाच्याचा आनंद गगनांत मावेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र एंजिन सुरू करतांच मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि शेजारी दारांत येऊन उभे राहिले. पांच मिनिटांनीं धूर थांबला. हाच प्रकार पुढील तीन दिवस चालला. टर्बोचार्जरच सदोष असून तो विकणाऱ्याकडे परत पाठवावा, असें भाच्याचें मत पडलें व आम्हीं त्यास दुजोरा दिला. अक्का हें सारें स्वयंपाकघराच्या खिडकींतून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, धूर सकाळींच का येतो? दुपारीं बाजारांतून येऊन तासाभरानें पुन्हां निघतां, तेव्हां तर येत नाहीं."

आम्ही मामा-भाचे एकमेकांकडे पाहूं लागलों. यंत्र सदोष असतें, तर धूर सर्वकाळ आला असता. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारींतच तो येतो, याचा अर्थ रात्रीं एंजिनांतील तेल नळींतून हळूहळू खालीं टर्बोचार्जरमध्यें उतरतें, पंप बंद असल्यामुळें तेथेंच सांचतें, आणि सकाळीं तप्त वायूच्या बाजूस झिरपून जळतें. या नळींत एकमार्गी झडप असते. दाबानें आलेलें तेल ती जाऊं देते, नुसतें उतरणारें तेल अडविते. ती काढून पाहतां तिची स्प्रिंग अडकलेली आढळली. नवी झडप घातली, आणि एंजिन बंद केल्यावरहि पंप मिनिटभर चालू राहील अशी विजेची योजना केली. सकाळचा धूर नाहींसा झाला. पाइक्स पीकवर जाण्यासाठीं रविवार ठरला आणि भाच्यानें तेथें प्रवेशाची वेळहि राखून ठेविली.

शुक्रवारीं संध्याकाळीं तो कामावरून परत आला तेव्हां चौकांत थांबल्यावर मागें थोडा धूर दिसल्याचें त्यानें सहज सांगितलें. आम्हीं तेलाची कांडी काढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याहि खालीं गेलेलें होतें. "मामा, नवी जोडणी आहे, थोडें तेल खाणारच. भर घालूं आणि जाऊं," असें तो म्हणाला. आम्हांस तें पटेना. सकाळचा धूर आणि उभ्या मोटारीचा धूर यांचीं कारणें निराळीं असलीं पाहिजेत. यावरून आम्हां दोघांत शब्दाला शब्द लागला. आणि खरें सांगावयाचें तर त्याच्याइतकीच आम्हांलाहि त्या शिखराची ओढ होती.

अखेर परतीच्या नळीचें टोक सोडून तें स्वच्छ बाटलींत धरिलें व एंजिन जागच्या जागीं मंद चालविलें. वास्तविक तेलाची अखंड धार पडावयास हवी होती. पडले ते थेंब. पंप मात्र नेहमींसारखाच गुणगुणत होता. आवाज येतो म्हणजे काम होतें असें नव्हे, हें तेव्हां कळलें. पंपाच्या तोंडची गाळणी उघडली, तों तिच्यांत लुकणाचे चिवट तुकडे गच्च बसलेले. टर्बोचार्जरखालच्या सांध्यास हें लुकण आम्हींच लाविलें होतें. गळती नको म्हणून सढळ हातानें लाविलें. आंत पिळून आलेलें जास्तीचें लुकण तेलानें सुटलें आणि गाळणींत जाऊन बसलें. अक्केला आम्हीं हें सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "पाणी जास्त घातलें म्हणून कणीक चांगली होते का?"

त्या स्थितींत मोटार रविवारीं घाटाला लागली असती तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना. त्या एंजिनांत तेल सुमारें सहा लिटर. परत येत नाहीं तें तेल टर्बोचार्जरमधून बाहेर जाणार. चढावर एंजिन तेलावांचून घासून अडकणार. आणि बाहेर पडलेलें तेल तप्त नळ्यांवर सांडून पेट घेण्याचाहि संभव. मोटारींत दोन माणसें असणार होतीं, आणि तीं दोन्ही आमचीं होतीं.

सर्व सांधे सोडून लुकण खरवडून काढलें, त्या जागीं धातूची योग्य चकती घातली, गाळणी व तेल बदललें, आणि परतीच्या तेलाचा दाब पडल्यास पुढें तांबडा दिवा लागेल अशी सोय केली. याच वेळीं आणखी एक तक्रार मिटली. दाबमापकाचा कांटा पांचावर जावयाचा तो चारावरच अडत होता. लांब नळीचें तोंड बंद करून तींत थोडी हवा भरली व सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडलें. तिसऱ्या सांध्यावर बुडबुडे आले, पट्टा आवळला, कांटा जागेवर आला. मागील बाजूच्या टर्बोचार्जरांत नळी लांब व सांधे पुष्कळ. म्हणून दाब कमी पडला कीं यंत्रास दोष देण्यापूर्वीं सांधे पाहावे. एंजिनांत खडखड ऐकूं आली तर मात्र सांधे न पाहतां आधीं पाय काढावा. तो पेट्रोलाचा किंवा ठिणगीचा दोष असतो व तो दट्टे फोडतो.

हा प्रकार आमच्याच घरीं घडला असें नाहीं. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही मोटार बाजारांत आली. टर्बोचार्जर लावून विकलेल्या अगदीं पहिल्या मोटारींपैकीं ती एक. एंजिनांतील मिश्रण वेळेआधीं भडकूं नये म्हणून तिच्यांत पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रण एका टाकींतून शिंपडलें जाई. ती टाकी मालकानें वेळोवेळीं भरावयाची. जोर सर्वांस हवा होता, टाकी भरण्याची तसदी अनेकांस नको होती. टाकी रिकामी झाली कीं जोर जाई आणि मालक तक्रार घेऊन येत. दोन वर्षांतच ती मोटार निघणें बंद झालें.

पुढें दोन रविवारांनीं अक्का आणि भाचा पाइक्स पीकवर जाऊन आले. मोटार दोघांचीच, म्हणून आम्ही घरींच राहिलों. संध्याकाळीं मोटार फाटकांत शिरली तेव्हां धूर नव्हता. एंजिन निवूं दिलें, कांडी काढून पाहिली. तेल सकाळच्या खुणेवरच होतें. मग अक्केला प्रवास कसा झाला तें विचारलें. वर थंडी फार होती आणि मोटारीची बैठक कंबरेला सोसत नाहीं, असें ती म्हणाली. पण ती हंसत होती.

मुलांच्या हौसेस वडिलांनीं सरसकट आडकाठी घालूं नये, असें आमचें मत आहे. वायां जाणाऱ्या वायूंतून शक्ति काढणें ही गोष्ट लहान नव्हे. मात्र तिकडून मुलाचें पत्र किंवा फोन आला आणि मोटारीस मागें टर्बोचार्जर बसविला असें त्यानें सांगितलें, तर अश्वशक्ति किती वाढली हें विचारण्याआधीं तेल परत येण्याची वाट काय केली, हें विचारावें. आणि त्याच्या मदतीस कोणी मामा गेला असेल, तर त्या मामाच्या हातीं लुकणाची नळी देऊं नये.