जुन्या फोटोंत आमची वस्ती कोठे आहे?

जुने शहर फोटोंतून पाहण्याची हौस हल्ली सगळीकडेच वाढली आहे. संस्थांच्या स्मरणिकांत, व्यापाऱ्यांच्या कॅलेंडरवर, आता तर प्रत्येकाच्या मोबाईलवर काळे-पांढरे फोटो फिरत असतात. स्टेशनची जुनी इमारत, साहेबाचा बंगला, शेठजीची हवेली, राईस मिलचे धुराडे, रुंद मोकळा रस्ता आणि त्यावर एकुलता एक टांगा. खाली कोणीतरी लिहिलेले असते, ‘गेले ते दिवस!’ गोंदियाही याला अपवाद नाही. हे फोटो आम्हीही पाहतो, आवडीने पाहतो. परंतु आमची नजर हवेलीवर ठरत नाही. ती फोटोच्या कडेला जाते. टांग्यामागे पाठमोरा उभा असलेला, डोक्यावर ओझे घेतलेला तो माणूस कोण? संध्याकाळी तो कोणत्या वस्तीत परतत होता? त्या वस्तीचा फोटो कोणी काढला होता काय?

गोंदिया हे काही राजा-महाराजाने वसवलेले शहर नव्हे. गोंद म्हणजे डिंक. जंगलातून येणाऱ्या डिंकावरून हे नाव पडले असे सांगतात. तिरोडा तहसिलीतले हे एक खेडे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे 1880 नंतरच्या दोन वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे गेली आणि या खेड्याचे नशीब पालटले. पुढे 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती लाईन ताब्यात घेऊन मोठी केली. तरीही 1901 च्या खानेसुमारीत गोंदियाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आतच होती. त्यानंतर 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत अडीच फुटी सातपुडा रेल्वे गेली. दुसरी तशीच लाईन दक्षिणेला नागभीड, चांदा फोर्टकडे गेली. गोंदियाच्या लोकांनी हिला ‘छोटी लाईन’ आणि मुंबई-हावडा मार्गाला ‘बडी लाईन’ म्हटले. धान, लाख, तेंदूपत्ता, लाकूड छोट्या लाईनने यायचे आणि बड्या लाईनने जायचे. 2011 च्या जनगणनेत हेच खेडे 1 लाख 32 हजारांचे शहर झालेले दिसते.

रेल्वेने शहर घडवले असे सगळेच लिहितात. रेल्वे कोणी घडवली, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही! माती कोणी खणली? गिट्टी कोणी फोडली? पावसाळ्यात रुळाखालचा भराव वाहून जाऊ नये म्हणून कंदील घेऊन रात्रभर लाईनवर कोण चालले? गँगमन, खलाशी, कोळसा भरणारे, सफाई करणारे यांत गावकुसाबाहेरच्या माणसांचा वाटा मोठा होता. बलुत्याच्या भाकरीऐवजी रोख पगार देणाऱ्या ज्या थोड्या जागा त्या काळी आमच्या आज्या-पणज्यांना मिळाल्या, त्यांत रेल्वे होती. येसकराची काठी खाली ठेवून त्याने रेल्वेची हिरवी-तांबडी झेंडी हातात घेतली, ही साधी गोष्ट नव्हती. पूर्व विदर्भात पुष्कळ महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणून आठवडी बाजारात विकत असत. गिरणीचे कापड याच रेल्वेने खेड्यापर्यंत आले आणि त्यांचे माग थंडावले. एका हाताने रेल्वेने घेतले, दुसऱ्या हाताने थोडे दिले. यातले काय फोटोत दिसते?

छोटी लाईन आज राहिलेली नाही. चांदा फोर्टची लाईन नव्वदीच्या दशकात मोठी झाली. बालाघाटची त्यानंतर झाली. जबलपूर-नैनपूर मार्गावरची छोटी गाडी 2015 साली थांबली आणि नागपूर-नागभीडची 2019 साली. गाडी मोठी झाली, वेग वाढला, याचे आम्हाला दुःख नाही. लाकडी बाकावर धक्के खात केलेल्या प्रवासाचे गोडवे गाणारे लोक बहुधा त्या गाडीने रोज कामाला जाणारे नसतात. आमचा सवाल वेगळा आहे. नागपूरला मोतीबाग येथे 2002 साली छोट्या लाईनचे रेल्वे संग्रहालय उघडले. नैनपूरलाही तसेच झाले. चांगली गोष्ट आहे. इंजिनाला छप्पर मिळाले, रंगरंगोटी झाली, समोर उभे राहून लोक फोटो काढतात. परंतु त्या इंजिनात फावड्याने कोळसा टाकणाऱ्याचे नाव कोणत्या पाटीवर आहे? लोखंड जपले जाते आणि माणूस विसरला जातो, हा या देशाचा जुनाच शिरस्ता आहे.

स्टेशनच्या फोटोंविषयी आणखी एक. इंग्रजी अमदानीतल्या रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे घडे असत. मग अस्पृश्याने कोणत्या घड्याचे पाणी प्यावे? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत 1901 सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग लिहून ठेवला आहे. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून चौकशीला आलेला स्टेशनमास्तर जात कळताच मागे सरतो, भाड्याचे गाडीवान तयार होत नाहीत आणि पुढे रात्रभर त्या मुलांना पाणी मिळत नाही. त्या दिवसाचा फोटो नाही. परंतु त्या चार-सहा पानांमुळे मसूरचे स्टेशन आम्हाला आतून दिसले, तसे दुसरे कोणतेही स्टेशन फोटोतून दिसलेले नाही.

कॅमेरा कोणाच्या हातात होता, यावर सगळे अवलंबून असते. आमचे फोटो अजिबात निघाले नाहीत असे नव्हे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड लिहिले, ते 1916 साली लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यांत फोटो आहेत. गोंड आहेत, इतर जाती-जमातींचे लोक आहेत. पण ते माणसाचे फोटो नाहीत, नमुन्याचे आहेत. खाली जातीचे नाव असते, व्यक्तीचे नसते. शेठजीच्या फोटोखाली त्याचे नाव, बापाचे नाव, पेढीचे नाव. आमच्या माणसाच्या फोटोखाली फक्त जात! हा फरक ज्याला कळला त्याला जुने फोटो कसे वाचावेत हे कळले.

विडीचे उदाहरण घ्या. गोंदिया-भंडारा भागात विडी हा कित्येक पिढ्यांचा धंदा. विडी कारखानदारांची घराणी नामवंत झाली, त्यांच्या नावे संस्था उभ्या राहिल्या, त्यांचे तैलचित्र दिवाणखान्यात लागले. आणि सूप मांडीवर घेऊन पाने कातरणारी, तंबाखू भरणारी, हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेताना कारखानदाराच्या माणसाकडून ‘छाट’ म्हणून बाजूला पडलेल्या विड्या मुकाट्याने पाहणारी आमची आई-बहीण? तिचा फोटो कोठे आहे? कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी मजुरांना संघटित केले. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला ते हेच. 1937 साली ते मध्य प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि 12 जानेवारी 1939 ला, अवघ्या पस्तिशीत, गेले. विडी कामगारांसाठी कायदा झाला तो 1966 साली आणि कल्याण निधीचा कायदा 1976 साली. त्यानंतर कामगारांना ओळखपत्रे मिळू लागली, त्यांवर फोटो चिकटवलेला असे. आमच्या अनेक मायबहिणींच्या आयुष्यातला तो पहिला फोटो असेल. डोक्यावर पदर, डोळे घाबरलेले, मागे स्टुडिओचा पडदा. कोणत्याही हवेलीच्या फोटोपेक्षा आम्हाला तो मोलाचा वाटतो, कारण त्या फोटोखाली तिचे स्वतःचे नाव लिहिलेले आहे.

नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली आणि 2002 साली बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. मिलचे जुने फोटो पुष्कळ आहेत, त्यांत यंत्रे आहेत आणि टाटा आहेत. गिरण्यांचे फोटो पाहताना वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ मानला जाई, हे कारण! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. तेव्हा विणाई खात्याचा त्या काळचा फोटो हाती आला तर त्यात कोण दिसते यापेक्षा कोण दिसत नाही, हे आधी पाहावे.

कोणी म्हणेल, तुम्हाला जुन्याचे प्रेमच नाही. खरे आहे. जे गेले त्यातले पुष्कळ जायलाच हवे होते. वेगळी विहीर गेली, बरे झाले. शाळेच्या बाहेर बसण्याचा ओटा गेला, बरे झाले. वाड्यापुढची ती जागा, जेथे आमचा माणूस पायातली चप्पल काढून हातात घेत असे, ती रस्तारुंदीत गेली तर आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण गेले ते नव्हतेच, असे म्हणण्याची सोय कोणालाही मिळू नये. वेगळ्या विहिरीचा फोटो नसला की उद्या कोणीतरी उठून म्हणतो, ‘आमच्या गावात असले काही नव्हते हो!’ आणि आमचीच कॉन्व्हेंटात शिकलेली मुले ते खरे मानतात.

आता आपल्याच वास्तूंकडे वळू. दिल्लीतील 26, अलिपूर रोड, जेथे 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेथे 2018 साली भव्य राष्ट्रीय स्मारक झाले. परंतु ज्या घरात ते राहिले ते घर उरले नाही. ते आता फोटोतच पाहायचे. दादरचे आंबेडकर भवन, बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेससह, 25 जून 2016 च्या पहाटे पाडले गेले. समाज रस्त्यावर आला, पण विटा परत उभ्या राहिल्या नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळी, जेथे 1974 च्या दंगलीत पँथरच्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या, त्या एकेक करून पडत आहेत आणि तेथे टॉवर उठत आहेत. रहिवाशांना चांगले घर मिळावे, मिळालेच पाहिजे. मात्र चाळीचा जिना, मधले मैदान, भिंतीवरची पँथरची घोषणा यांचे फोटो कोणी जमवले आहेत काय?

दीक्षाभूमीचे उदाहरण तर ताजेच आहे. 14 ऑक्टोबर 1956 चे फोटो पाहा. स्तूप नाही, कंपाऊंड नाही. लस संस्थेजवळची मोकळी जागा, मंडप आणि नजर पोहोचेल तेथवर पांढरी वस्त्रे. (त्या दिवशी नागपूर महाराष्ट्रात नव्हते, मध्य प्रदेशाची राजधानी होते, हे आजच्या पोरांना सांगावे लागते.) गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगावकडून माणसे रेल्वेने गेली, बैलगाडीने गेली, पायी गेली. आजचा स्तूप 2001 साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाला. तेथेच भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू झाले तेव्हा 1 जुलै 2024 रोजी हजारो लोकांनी जाऊन ते बंद पाडले. ही माणसे विकासविरोधी नव्हती. त्यांच्या घरातल्या भिंतीवर त्या मोकळ्या मैदानाचा फोटो होता. जमीन कशी होती हे ज्याला ठाऊक असते तोच ती कशी राहावी हे सांगू शकतो.

गोंदियाचे म्हणाल तर अडचण दुहेरी आहे. हा जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक फोटोवर ‘भंडारा’ लिहिलेले असणार. 1956 पूर्वी हा मुलूख मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात. बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय कलकत्त्याला गार्डन रीच येथे होते. आज गोंदिया दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत आहे, तिचे मुख्यालय बिलासपूर. म्हणजे गोंदियाचा इतिहास गोंदियात नाहीच, तो भंडारा, नागपूर, भोपाळ, बिलासपूर, कोलकाता आणि लंडन येथे विखुरला आहे. आमचे पीएच.डी. करणारे तरुण तेच ते विषय घेऊन प्रबंध भरतात. त्यातल्या एकाने तरी हा माग काढावा. मे 1954 मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणूक झाली. गोंदियाचा भाग त्याच मतदारसंघात होता. बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. ज्याने देशाला मताचा अधिकार लिहून दिला त्याला या मातीने हरवले! त्या प्रचाराच्या सभा जेथे झाल्या त्या जागांवर आज काय आहे? त्या सभांचा एखादा फोटो कोणाच्या पेटीत पडून आहे काय?

असेल. पेटीतच असेल. आमचे दफ्तरखाने म्हणजे पत्र्याच्या पेट्या. त्यात आजोबाचा रेल्वेचा पास, विडी कामगार ओळखपत्र, शाळेचा दाखला आणि कडा कुरतडलेले दोन-चार फोटो. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात तेव्हा आपण ती पेटी उघडतो, कागद काढतो आणि फोटो तसेच परत टाकतो. मुंबईच्या झोपडपट्टीवाल्यांना तरी फोटोची किंमत कळली आहे. 1976 च्या झोपडी गणनेनंतर मिळालेला फोटोपास ज्याने जपला त्याचे घर वाचले, ज्याचा हरवला तो साहेबांच्या दारात उभा राहिला. आपल्याकडे झाडीपट्टीचा पाऊस आणि वाळवी दोन्ही आहेत. काचेच्या चौकटीत चिकटलेला फोटो दहा पावसाळ्यांत पांढरा पडतो.

म्हणून गोंदिया जिल्ह्यातील प्रत्येक बुद्धविहाराच्या समितीला आमचे सांगणे आहे. येत्या 14 ऑक्टोबरला डीजेचा खर्च थोडा कमी करा आणि विहारात दिवसभर एक स्कॅनर ठेवा. घराघरातून फोटो मागवा, प्रत काढा आणि मूळ फोटो ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करा. लग्नाचा असो, परित्राणपाठाचा असो, मोर्च्याचा असो, कारखान्याच्या दारातला असो. फोटोत जुने घर, विहीर, रस्ता, शाळा जे दिसत असेल त्याची जागा विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव लिहून घ्या. मागच्या बाजूला लिहायचे तर पेन्सिलीने लिहा, पेनची शाई पुढे उमटते. आणि जात लिहू नका, नाव लिहा.