सराव करायचा की सरावून जायचं?

दोस्तांनो, ठाण्यात, डोंबिवलीत किंवा कल्याणला अगदी रुळांच्या कडेला राहणारं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? कदाचित तुम्ही स्वतःच तिथे राहत असाल. मग गावाहून आलेल्या पाहुण्यांची पहिली रात्र कशी जाते, हे तुम्हाला सांगायला नको. मध्यरात्री एखादी मेलगाडी धडधडत गेली, की पाहुणे ताडकन उठून बसतात. घरचे मात्र ढाराढूर! सकाळी पाहुणे तक्रार करतात आणि आजी विचारते, "कसला आवाज? मला नाही बाई ऐकू आला!" आणि गंमत म्हणजे चार-पाच दिवसांनी तेच पाहुणे त्याच गाडीच्या आवाजात खुशाल घोरत असतात.

हे झालं तरी काय? पाहुण्यांचे कान बिघडले? छे! त्याच आजीच्या कुशीतला नातू जरासा कुरकुरला, तरी ती चटकन जागी होते. म्हणजे कान अगदी ठणठणीत आहेत. गाडीचा आवाज कानापर्यंत पोचतोच, पण मेंदू ठरवतो, "या आवाजातून काही नवं कळत नाही. सोडून द्या!"

मराठीत याला फार छान शब्द आहे, 'सरावणं'. मानसशास्त्रात याचं नाव 'हॅबिच्युएशन'. आणि सांगितलं तर आश्चर्य वाटेल, पण हे चक्क शिकणं आहे! वही नाही, बाई नाहीत, परीक्षा नाही, तरीही शिकणं. कारण अनुभवामुळे वागण्यात झालेला आणि टिकून राहिलेला बदल म्हणजे शिकणं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत पोचली. इतकी वर्षं इथली माणसं या आवाजाला सरावताहेत. पण पणजोबांचं सरावणं पणतूला आयतं मिळत नाही बरं का! प्रत्येक बाळाला ते नव्यानं शिकावं लागतं.

गोगलगाईची शाळा

या शिकण्याला मोठा मेंदूही लागत नाही. समुद्रात 'ॲप्लिसिया' नावाची एक गोगलगाय असते. तिच्या अंगावर पाण्याचा हलका फवारा मारला, की ती आपले कल्ले आत ओढून घेते. पुन्हा फवारा, पुन्हा कल्ले आत. पण दहाएक वेळा असं झालं आणि वाईट काहीच घडलं नाही, की ती कल्ले जेमतेम हलवते. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने तिच्या चेतापेशी तपासल्या. स्पर्शाची बातमी देणारी पेशी पुढच्या पेशीला जे रसायन पाठवते, तेच कमी-कमी होत जातं, असं दिसलं. अशा संशोधनासाठी त्यांना इतर दोघांबरोबर २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यातली एक गोष्ट तुमच्या अभ्यासाच्या कामाची आहे. गोगलगाईला एकाच बैठकीत दहा वेळा स्पर्श केला, तर ती लवकरच ते विसरली. पण रोज दहा वेळा, असे चार दिवस केले, तर तिचं सरावणं तीन आठवडे टिकलं. थोडं-थोडं, पण रोज! परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक संपवायला बसणाऱ्यांनी या गोगलगाईला नमस्कार करावा.

न वाजलेला आवाज

आता तुम्ही म्हणाल, सरावणं म्हणजे मेंदू झोपी जाणं. तसंही नाही! येवगेनी सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सांगितलं, की रोजच्या आवाजाचं एक चित्र मेंदू मनात तयार करून ठेवतो. येणारा आवाज त्या चित्राशी जुळला, तर गप्प. जुळला नाही, की कान टवकारले!

न्यूयॉर्क शहरात रस्त्याच्या वरून, खांबांवर उभारलेल्या रुळांवरून आगगाड्या जात. त्यांतला थर्ड अव्हेन्यूवरचा मार्ग १९५५ साली बंद झाला. कार्ल प्रिब्रम या मेंदूशास्त्रज्ञाने त्यानंतरची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या भागातले लोक रात्री दचकून उठू लागले आणि पोलिसांना फोन करू लागले, "काहीतरी विचित्र घडतंय!" चौकशी झाली तेव्हा कळलं, की हे फोन येत होते ती गाडी पूर्वी जायची त्याच वेळेला. गाडीचा आवाज झाला नाही, म्हणून ते जागे झाले होते!

आपल्याकडेही मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल थांबल्या. जूनच्या मध्यात अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी थोड्या गाड्या सुटल्या, तोवर रूळ शांत होते. तुम्ही तेव्हा लहान असाल. पण रुळांजवळ राहणाऱ्या मोठ्या माणसांना जरूर विचारा, की ती शांतता त्यांना कशी वाटली.

आणखी एक लक्षात ठेवा. सगळ्याच गोष्टींना आपण सरावत नाही. जिच्यामुळे जबर भीती वाटली किंवा दुखापत झाली, तिच्या बाबतीत अगदी उलटं घडू शकतं. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीच्या काठावर ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना विचारा. रात्री पावसाचा जोर वाढला, की नंतरही त्यांच्या पोटात गोळा येत असे का? मेंदू इथे आवाज सोडून देत नाही, उलट अधिक सावध होतो. म्हणून कुणी घाबरलं, तर "भित्री भागुबाई" म्हणून चिडवू नका. त्याचा मेंदूही काहीतरी शिकलेलाच आहे.

आता सराव!

'सरावणं' हा शब्द आला 'सराव' या शब्दाशी नातं सांगत. सायकल, पोहणं, पेटी, ढोल, टायपिंग, सुवाच्य अक्षर, ही सगळी हातापायांची कौशल्यं सरावानेच येतात. सुरुवातीला सायकलवर बसलं, की सगळं लक्ष हँडल, पेडल आणि ब्रेक यांत अडकतं. समोरून कुणी आलं, की धडपडलोच! महिनाभराने मात्र आपण गप्पा मारत मजेत सायकल चालवतो. हात-पाय आपलं काम आपणच करतात.

पण सरावाचा रस्ता सरळ चढणीचा नसतो. १८९७ साली ब्रायन आणि हार्टर या दोघा अमेरिकन संशोधकांनी तारबाबूंचा अभ्यास केला. तारयंत्राची कडकट्ट ऐकून संदेश लिहून घ्यायला ते कसे शिकतात, हे त्यांनी आठवड्यामागून आठवडे मोजलं. (आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार म्हणजे काय, ते आजोबा सांगतील!) आधी भराभर प्रगती, मग कितीतरी आठवडे गाडी जागच्या जागी आणि मग पुन्हा वर! त्यांच्या मते, वरून काही दिसत नसलं तरी त्या रखडलेल्या काळात शिकणारा एकेक अक्षर ऐकणं सोडून अख्खे शब्द आणि मग वाक्यं ऐकायला शिकत होता. तेव्हा तबल्याच्या क्लासला दोन महिने काहीच पुढे जात नाही असं वाटलं, तर लगेच क्लास सोडू नका.

आणि हाताची आठवण वेगळी, डोक्याची आठवण वेगळी! हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवीन घडलेलं काहीच त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. पण दर वेळी तो म्हणे, की मी हे पूर्वी कधीच केलेलं नाही! डोकं विसरलं, हाताने लक्षात ठेवलं.

करून पाहा

दोन मित्रांचे डोळे रुमालाने बांधा. दोघांनाही १० सेंटीमीटरची रेघ काढायला सांगा, प्रत्येकी वीस वेळा. पहिल्याला काहीच सांगू नका. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर पट्टीने मोजून सांगा, "दीड सेंटीमीटर कमी", "एक सेंटीमीटर जास्त". थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने असाच प्रयोग केला होता. नुसत्याच रेघा काढत राहणाऱ्याची सुधारणा होत नाही. चूक कळली, तरच हात सुधारतो. म्हणजे नुसता सराव पुरत नाही, कुठे चुकलं ते कळावं लागतं.

आता एक गंभीर गोष्ट

इथवर सरावणं आणि सराव दोन्ही आपले मित्र वाटले ना? पण रुळांवर हे दोघे मिळून घात करतात.

समजा, एक मुलगा शाळेला उशीर होतो म्हणून पूल सोडून रूळ ओलांडतो. पहिल्या दिवशी त्याचं काळीज धडधडतं. तो चारदा इकडे-तिकडे बघतो. काही होत नाही. दुसऱ्या दिवशी भीती जरा कमी, महिनाभराने अगदी नाहीशी! त्याला वाटतं, "आता मला जमतं." रेघेच्या प्रयोगात प्रत्येक चूक लगेच कळत होती. इथे मात्र निष्काळजीपणाने ओलांडलं, तरी उत्तर येतं, "बरोबर!" पुन्हा "बरोबर!" आणि चूक कळते ती एकदाच. ती सुधारायला पुढची खेप मिळत नाही. ज्या कामात पहिलीच चूक जिवावर बेतते, त्याचा सराव होऊच शकत नाही. होतं ते नुसतं सरावणं.

जरा गणित करू या. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. म्हणजे एका लोकलइतक्या अंतरावर असलेली गाडी १० सेकंदांत तुमच्यापाशी! ठाणे ते दिवा आता सहा मार्गिका आहेत. खडीतून ठेचकाळत त्या ओलांडायला २०-२५ सेकंद तरी लागणार. शिवाय लांबून येणारी मोठी वस्तू असते त्यापेक्षा हळू येते आहे, असं आपल्या डोळ्यांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ लिबोवित्झ यांनी १९८५ साली हे मांडलं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी हजाराहून अधिक माणसं रूळ ओलांडताना जिवाला मुकतात. ती सगळी काही वेडी नव्हती. बहुतेक जण सरावलेले असणार.

२०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ 'फायनल माइल' या मुंबईच्या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. ते एकेक करून गाडीखाली दिसेनासे होताना पाहिले, की वेगाचा अंदाज येतो. गाडीसमोर सापडलेल्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. आणि मोटरमनने एक लांबलचक भोंगा वाजवण्याऐवजी दोन छोटे भोंगे वाजवायचे, मध्ये जरा शांतता, असं ठरवलं. लांब भोंग्याला कान सरावतो, पण मधली शांतता त्याला पुन्हा जागं करते. सोकोलोव्हचं मनातलं चित्र आठवलं ना? तिथले अपघात कमी झाले.

कानात इयरफोन घालून रुळांजवळून जाणाऱ्याला मात्र कुठलाच भोंगा जागं करू शकत नाही. म्हणून पूल लांब असला, जिने जास्त असले, आई-बाबांचा हात धरलेला असला, तरी रूळ ओलांडायचे नाहीत. तो १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. आणि बाबाच घाईत निघाले, तर "बाबा, पुलावरून!" असं तुम्ही सांगायचं. रोज ऐकून ते सरावले, तर एखाद्या दिवशी काही न बोलता तिथेच उभे राहा. बाबा मागे वळून बघतीलच!

आई-बाबांनो, जाता-जाता तुमच्यासाठीही एक गोष्ट. "अभ्यासाला बस, अभ्यासाला बस" हे रोज एकाच सुरात सांगितलं, की तो घरातला लांबलचक भोंगाच होतो. मुलं ऐकत नाहीत असं नाही, ती सरावलेली असतात. एकदाच सांगा, जवळ जाऊन सांगा आणि मग थोडं थांबा.

तर दोस्तांनो, या आठवड्यात दोन कामं. रेघेचा प्रयोग करून मापं वहीत उतरवा. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन मिनिटं कान देऊन ऐका. पंखा, घड्याळ, फ्रीज, लांबची लोकल, असे किती आवाज तुम्ही रोज सोडून देत होता, त्यांची यादी करा. पुढच्या अंकात भेटू या पावलोव्हच्या कुत्र्याला. घंटा ऐकून त्याच्या तोंडाला पाणी का सुटायचं, ते पाहू!